सौम्य कोविड : माझा दोन वेळचा अनुभव



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, खत-पाणी, हुमणी, खोडवा अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय उसाचा नाही, ऊस पिकवणाऱ्या माणसाचा आहे.

गेल्या पंधरवड्यात ऊस नोंदीच्या कामासाठी एका गट ऑफिसला गेलो होतो. रांगेत एक सभासद नाकाला रुमाल लावून उभे होते. डोळे लाल, आवाज बसलेला, अंगात कणकण स्पष्ट दिसत होती. मी म्हणालो, "ताप दिसतोय. घरी का थांबला नाहीत?" ते म्हणाले, "साधंच हाय साहेब. आता कुठं कोरोना राहिलाय? नोंद मागं पडंल म्हणून आलो." त्यांच्या मागे पंच्याहत्तरीच्या एक आजी सात-बाराचा उतारा घेऊन उभ्या होत्या.

त्या गृहस्थांना कोविड होता की साधी सर्दी, हे मी सांगू शकत नाही. मुद्दा तो नाहीच. "साधंच आहे" हे वाक्य ऐकले आणि मला सप्टेंबर २०२० आठवला. तेव्हा हेच वाक्य मी स्वतः बोललो होतो. माझा आजार खरोखरच साधा निघाला. पण माझ्या त्या दोन दिवसांच्या फिरण्याची किंमत बहुधा दुसऱ्या माणसाने मोजली. म्हणून हा लेख.

पहिली वेळ : सप्टेंबर २०२०

महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. सुरुवातीला आपल्याला तो शहरातला आजार वाटला. पण पावसाळा संपता संपता तो वाडी-वस्तीवर पोहोचला, आणि सप्टेंबरमध्ये राज्यातली पहिली लाट शिगेला गेली. नेमके तेच दिवस आपल्या आडसाली लागणीच्या नोंदीचे. शेतकी खात्याला घरी बसून चालण्यासारखे नव्हते.

एका सोमवारी सर्व्हे करताना पावसात भिजलो. मंगळवारी सकाळी घसा खवखवत होता आणि पाठ धरली होती. थर्मामीटर लावला तर ताप ९९ च्या आसपास. भिजल्यामुळे असेल असे म्हणून तापाची एक गोळी घेतली आणि मोटारसायकलला किक मारली. मंगळवार आणि बुधवार मिळून चार गावे केली. मास्क होता, पण बोलताना तो हनुवटीवर असायचा. दोन-तीन ठिकाणी पडवीत बसून चहा झाला. कुणी विचारले, "साहेब, आवाज बसलाय का?" तर मी म्हणालो, "साधंच आहे, पावसात भिजलो."

गुरुवारी संध्याकाळी घरी दूध उतू जाऊन करपले. घरभर वास पसरला, आई बाहेरून ओरडत आली, आणि मी शेगडीपासून चार हातांवर वर्तमानपत्र वाचत बसलेलो. मला काहीच वास आला नव्हता. उठून कांदा फोडून नाकाला लावला, मग खोबरेल तेल हुंगले. काही नाही. तेव्हा मात्र मनात चर्र झाले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन घशाचा-नाकाचा स्वॅब दिला, त्याच्या पुढच्या दिवशी अहवाल आला : पॉझिटिव्ह.

मी माडीवरच्या खोलीत वेगळा राहिलो. आई सत्तरीची, तिला साखर आहे, म्हणून तिची झोपण्याची सोय घराच्या दुसऱ्या टोकाला केली. जेवणाचे ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायचे, मग मी खाली येऊन न्यायचे, असा क्रम होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवस वेगळे राहायचे, आणि त्यातले शेवटचे ३ दिवस ताप नसला पाहिजे. १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सरकारी मोहीम सुरू झाली होती. त्यात आशाताई घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. आमच्याही दारात त्या आल्या आणि ऑक्सिमीटर कसे लावायचे ते शिकवून गेल्या.

मला दुसरे काही सुचेना, म्हणून ज्या डायरीत प्लॉटच्या नोंदी करतो तिच्यातच स्वतःची नोंद सुरू केली : दिवस कितवा, ताप किती, ऑक्सिजन किती. ताप चार दिवस १०१ पर्यंत चढत राहिला. अंग इतके मोडून आले की कूस बदलताना कण्हावे लागे. तोंडाला चव नाही. पण ऑक्सिजन ९६ च्या खाली कधी गेला नाही, आणि सातव्या दिवशी ताप गेला. डॉक्टर म्हणाले, "तुमचा आजार सौम्य."

'सौम्य' कशाला म्हणायचे?

हा शब्द ऐकून मला त्या वेळी थोडा रागच आला होता. चार दिवस कण्हत काढले आणि हे म्हणतात सौम्य! पण डॉक्टरांच्या भाषेत सौम्य म्हणजे त्रास कमी असा अर्थ नाही. ताप, खोकला, अंगदुखी कितीही असो, धाप लागत नाही आणि रक्तातला ऑक्सिजन उतरलेला नाही, तोवर आजार सौम्य धरतात. ऑक्सिजन ९० ते ९३ च्या दरम्यान आला, किंवा श्वास मिनिटाला २४ किंवा त्याहून जास्त होऊ लागला, की तो मध्यम. ९० च्या खाली गेला की तीव्र. म्हणजे मोजमाप दुखण्याचे नाही, श्वासाचे आहे.

दुसरी गोष्ट, पहिल्या दिवशी सौम्य असलेला आजार शेवटपर्यंत सौम्य राहील याची हमी नसते. ज्यांचा आजार वाढतो त्यांचा तो बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास वाढतो. म्हणून दिवस मोजायचे ते अहवाल आल्यापासून नव्हे, पहिले लक्षण दिसले त्या दिवसापासून. कित्येकांचे गणित इथे चुकले. ताप उतरला, बरे वाटले, म्हणून ते कामाला लागले आणि आठव्या दिवशी धाप लागली.

ऑक्सिमीटरबद्दल थोडे. बोट गार असले, नखाला रंग किंवा मेंदी असली, तर आकडा चुकीचा येऊ शकतो. पाच मिनिटे शांत बसावे, बोट चोळून गरम करावे आणि आकडा स्थिर झाल्यावर वाचावा. ९५ ते १०० हा चांगला आकडा. शिवाय सहा मिनिटे चालण्याची एक सोपी चाचणी आहे. आधी आकडा घ्यावा, खोलीतल्या खोलीत सपाट जागी सहा मिनिटे चालावे, पुन्हा घ्यावा. चालून आल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा तीन अथवा अधिक अंकांनी उतरला, किंवा चालताना धाप लागली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. बसल्या जागी दमच लागत असेल त्याने मात्र ही चाचणी करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. कोविडमध्ये काहींचा ऑक्सिजन उतरला तरी त्यांना सुरुवातीला काही जाणवत नसे, बोलत-चालत असत. म्हणून यंत्राची गरज पडली.

आबांचे अकरा दिवस

आता जी गोष्ट सांगायला बसलो ती.

बुधवारी ज्या चार-पाच ठिकाणी मी टेकलो होतो, त्यांपैकी एक पडवी आबांची. आबा आपले जुने सभासद, त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे, बीपीची गोळी चालू. नोंदीचा कागद भरताना आम्ही पाऊण तास शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांना जरा कमी ऐकू येते म्हणून मी मास्क खाली करून, त्यांच्या कानाजवळ जाऊन बोलत होतो.

माझा अहवाल आला तेव्हा ज्यांना ज्यांना भेटलो त्यांची यादी करून मी सर्वांना फोन केले. आबांच्या मुलानेच फोन घेतला. म्हणाला, "आबांना कालपासनं ताप हाय." पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांचा ऑक्सिजन ८८ वर आला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. अकरा दिवस ते ऑक्सिजनवर होते. त्या अकरा दिवसांत माझा ताप उतरला, भूक लागू लागली, लोक फोन करून "साहेब, तुम्ही लवकर बरे झालात" म्हणू लागले. मला मात्र प्रत्येक फोनची रिंग वाजली की पोटात गोळा यायचा.

कोविडचा रोगी लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला रोग देऊ शकतो, आणि लक्षणे सुरू होतात त्या सुमारास तर सर्वांत जास्त. त्याचे कारण असे की विषाणू सुरुवातीला नाकात आणि घशात भराभर वाढतो. शरीराचा प्रतिकार जागा होऊन ताप येईपर्यंत तो श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडू लागलेला असतो. बंद किंवा कोंदट जागेत हे बारीक थेंब हवेत बराच वेळ तरंगत राहतात. रोग्याचा आजार सौम्य आहे म्हणून त्याच्याकडून जाणारा विषाणू सौम्य असतो असे नाही. विषाणू तोच. तो चाळिशीच्या निरोगी माणसाला चार दिवस झोपवतो, आणि वय, रक्तदाब, साखर असलेल्याला दवाखान्यात नेतो. पाण्याची पाळी एकच, पण एका शेतात ते जिरते आणि दुसऱ्या चिबड रानात मुळे कुजवते, तसा हा प्रकार.

आबांना माझ्यामुळेच झाला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. त्या दिवसांत तो कुठूनही आला असेल. पण मंगळवारी सकाळी मी घरी थांबलो असतो तर निदान माझ्याकडून तरी गेला नसता, एवढे नक्की. नोंदीला चार दिवस उशीर झाला असता. त्याने एक टिपरूही कमी झाले नसते.

आबा सुखरूप घरी आले. दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. अंगणात उभा राहूनच म्हणालो, "आबा, मी त्या दिवशी ताप असताना आलो होतो. चूक झाली माझी." आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते आता उगाळून काय व्हायचंय? पण साहेब, तुम्ही अंकात सारखं लिवता न्हवं, युरिया कवा टाका न् पाणी कवा द्या. एकदा हे बी लिवा. लोकं तुमचं वाचत्यात." मी "लिहितो" म्हणालो, आणि लिहायचे राहून गेले. स्वतःची चूक छापायला हात लवकर उठत नाही, हेच खरे कारण.

ताप गेला म्हणजे बरे झालो का?

माझी दुसरी चूक माझ्याच अंगावर आली. अकराव्या दिवशी खोलीतून बाहेर आलो. ताप नाही, ऑक्सिजन ९८. चौदाव्या दिवशी कामावर गेलो आणि राहिलेले काम उरकायचे म्हणून एका दिवसात पाच प्लॉट पायाखाली घातले. चार वाजता बांधावर जो बसलो तो उठवेना. पाय लटपटत होते, छाती धडधडत होती. पुढचे दोन दिवस पुन्हा अंथरुणात. पुन्हा उठलो, पुन्हा जोर केला, पुन्हा पडलो. असे तीनदा झाले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "बाकीचे लोक आजाराने पडतात, तुम्ही बरे होण्याच्या घाईने पडताय."

खोडव्याचे उदाहरण घ्या. ऊस तुटल्यावर पंधरा दिवसांत फुटवे हिरवेगार दिसतात. पण खाली काय चालू असते? जुन्या मुळ्या हळूहळू कामातून जात असतात आणि नव्या फुटव्यांना स्वतःच्या मुळ्या अजून पुऱ्या आलेल्या नसतात. वरून हिरवे दिसले तरी आतली बैठक अजून व्हायची असते. त्या काळात हयगय झाली तर पुढे कितीही खत ओता, उतारा भरून निघत नाही. आजारातून उठलेल्या माणसाचे तसेच आहे. ताप उतरणे म्हणजे हिरवे दिसणे. ताकद येणे म्हणजे मुळ्या सुटणे. त्याला वेळ लागतो.

मग मी शिस्त लावली. पहिले तीन दिवस घराभोवती दहा मिनिटे चालणे. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा जाणवला नाही तरच पाच मिनिटे वाढवायची, जाणवला तर एक पायरी खाली यायचे. जड उचलणे, पंप पाठीवर घेणे, रात्रीचे पाणी धरणे बंद. दुपारी तासभर आडवे व्हायचे. पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागले. सौम्य आजारानंतर बहुतेक लोक दोन-चार आठवड्यांत ठणठणीत होतात, पण काहींना जास्त काळ लागतो. त्यात आळस किंवा ढोंग काही नसते, हे घरच्यांनीही लक्षात घ्यावे. आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनंतरही थकवा, धाप, विसराळूपणा चालूच असेल तर त्याला 'लाँग कोविड' म्हणतात. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखणे, चक्कर, धडधड यांसाठी तर तीन दिवसही थांबू नये.

वासाचे सांगतो. नाकात वरच्या बाजूला वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात. विषाणू प्रामुख्याने त्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. आधार गेला की वास थांबतो, आणि त्या पेशी पुन्हा तयार झाल्या की बहुतेकांचा वास परत येतो. ऑक्टोबरमध्ये बॉयलर प्रदीपनाला मी हजर होतो. तूप, समिधा, धूर सगळे समोर दिसत होते, पण मला नुसती ऊब जाणवली. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी कारखान्याच्या मागच्या रस्त्याने जाताना प्रेसमडच्या ढिगाचा वास आला. तिथून जाताना सगळे नाक धरतात. मी गाडी थांबवून दोनदा पोटभर श्वास घेतला. चिटबॉय मागे बसला होता. त्याला वाटले साहेबांना भोवळ आली!

दुसरी वेळ : जानेवारी २०२२

मधल्या काळात २०२१ ची दुसरी लाट येऊन गेली. त्या एप्रिल-मे महिन्यांत किती घरांतली कर्ती माणसे गेली ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले होते. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली तेव्हा आईला दिली. माझे वय पंचेचाळीसच्या आत असल्याने माझा पहिला डोस जूनअखेर झाला आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा आपला गाळप हंगाम भरात होता. एका सकाळी घसा काट्यासारखा टोचू लागला आणि नाक वाहू लागले. या वेळी वास शाबूत होता. पण मी गाडीला हात लावला नाही. कार्यालयात फोन केला, वेगळ्या खोलीत गेलो आणि दुपारी चाचणी करून घेतली. पुन्हा पॉझिटिव्ह. ताप दोनच दिवस राहिला, १०० च्या वर गेला नाही. तोपर्यंत नियमही बदलला होता : अहवालापासून ७ दिवस, आणि सलग ३ दिवस ताप नको.

दोन्ही वेळचा आजार सौम्यच, पण फरक ठळक होता. या वेळी शरीराला एका जुन्या आजाराची आणि दोन डोसांची ओळख होती. लस संसर्ग पूर्णपणे रोखत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. पण आजार छातीत उतरून माणूस दवाखान्यात जाण्याची शक्यता ती पुष्कळ कमी करते. "लस घेऊन पण झालाच की" म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

त्या सात दिवसांत तोडणी प्रोग्राम थांबला का? नाही. गट ऑफिसचे सहकारी आणि चिटबॉय यांनी फोनवर विचारून काम पार पाडले. घरात आईला आणि बायकोला लागण झाली नाही. आठव्या दिवशी कामावर गेलो तो अर्धा दिवस, आणि फक्त बैठे काम. तीन आठवड्यांत पूर्ववत झालो. पहिल्या वेळी सहा आठवडे, दुसऱ्या वेळी तीन. यात लसीचा आणि विषाणूच्या बदललेल्या जातीचा वाटा आहेच, पण वेळेवर घेतलेल्या विश्रांतीचाही आहे असे माझे मत आहे.

त्याच आठवड्यात एका मुकादमाचा फोन आला. टोळीतल्या एका कोयत्यातल्या बाईला ताप होता आणि ती कोणाला सांगत नव्हती. कारण उघड आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक पडला की दुसऱ्याचाही खाडा, आणि डोक्यावर उचल. तोडणी मजूर ताप लपवतो तो बेफिकिरीने नव्हे, भीतीने. तेव्हा आपल्या फडात टोळी असताना कोणी आजारी पडले तर "ऊस वाळतोय" म्हणून तगादा लावू नये. एका दिवसाचा उशीर परवडतो. कोपीवर कोपी लागून असलेल्या तळावर ताप पसरला तर अख्खी टोळी बसेल, तो उशीर परवडत नाही.

औषधांविषयी

सौम्य आजारात मला दोन्ही वेळा मिळून लागले ते एवढेच : तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, कोमट पाण्याच्या गुळण्या आणि झोप. "सलाईन लावा, तरतरी येईल" हा आग्रह डॉक्टरांना करू नये. जो माणूस तोंडाने पाणी-जेवण घेऊ शकतो त्याला सलाईनने काही जास्त मिळत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही.

सर्वांत जपायचे ते स्टेरॉइडला. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीतून असे दिसले की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्या रोग्यांचे जीव वाचवते, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा होत नाही. तेच औषध गरज नसताना घेतले तर साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचा आजार ज्यांना झाला त्यांत मधुमेह असलेले आणि स्टेरॉइड घेतलेले पुष्कळ होते. पानांवर करपा दिसला म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तणनाशक मारण्यातला हा प्रकार. जुनी चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून गोळ्या आणू नयेत.

सभासदांनी लक्षात ठेवावे असे काही

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र संपला नाही. मे-जून २०२५ मध्येही त्याचे रुग्ण पुन्हा वाढले होते. आता बहुतेकांना तो सौम्यच होतो, आणि दारावर कागद चिकटवायला कोणी येत नाही. म्हणूनच जबाबदारी आपल्यावर आली आहे.

१) ताप, घसा, सर्दी-खोकला सुरू झाला की कोविड असो वा नसो, ताप जाऊन बरे वाटेपर्यंत घरी थांबावे. बाहेर पडणे अगदी टळत नसेल तर मास्क नाकावर ठेवावा, हनुवटीवर नव्हे.

२) घरातल्या वृद्धांपासून, साखर-बीपी असणाऱ्यांपासून आणि गरोदर बाईपासून वेगळे झोपावे. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

३) पहिल्या लक्षणाचा दिवस लिहून ठेवावा. पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत श्वासावर लक्ष ठेवावे.

४) धाप, छातीत दुखणे, ऑक्सिजन ९४ च्या खाली, ग्लानी, ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. साठीच्या पुढच्यांनी आणि जुना आजार असणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

५) ताप उतरल्यावर निदान आठवडाभर जड काम करू नये. नंतर काम पायरी-पायरीने वाढवावे.

६) आजारी असताना ऊस नोंद, तोडणी किंवा बिलाच्या चौकशीसाठी स्वतः येऊ नये. गट ऑफिसला फोन करावा किंवा घरातल्या निरोगी माणसाला पाठवावे. आजारामुळे आला नाही म्हणून कोणाचीही नोंद मागे पडणार नाही, याची काळजी शेतकी खाते घेईल. हे मी जबाबदारीने लिहितो आहे.

त्या दिवशी रांगेतल्या सभासदांची नोंद मी बाहेर झाडाखाली उभे राहून लिहून घेतली आणि त्यांना घरी पाठवले. नंतर वाटेत आबांच्या वस्तीवर थांबलो. आता त्र्याहत्तरी ओलांडली आहे, चढ आला की दम लागतो, पण रोज सकाळी खोडव्यात एक फेरी असतेच. मला पाहून म्हणाले, "साहेब, लिवलं का ते?"

आबा, लिहिले.

आपला,
ऊस विकास अधिकारी